मैदानाच्या कडेला

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. मध्यंतराची पंधरा मिनिटे त्यात मिळवा, म्हणजे झाली एकशे पाच मिनिटे. परंतु मैदानाच्या कडेला उभी राहणारी माणसे सामन्याच्या आधी तासभर येतात आणि शेवटची शिटी वाजल्यावरही लवकर हलत नाहीत. ती काय करतात? बोलतात. या पाठात आपण खेळाकडे थोडे आणि या बोलण्याकडे जास्त लक्ष देणार आहोत.

तुम्ही म्हणाल, 'खेळाच्या वेळी लोक खेळाविषयीच बोलणार. त्यात शिकण्यासारखे काय?' एकदा नीट कान देऊन ऐका. पहिले वाक्य गोलविषयी असते. दुसरे गोल मारणाऱ्या मुलाविषयी असते. तिसऱ्या वाक्यात त्याच्या घरची परिस्थिती येते, चौथ्यात नोकरीचा विषय निघतो आणि पाचव्यात सरकारचा. मग कोणीतरी कलकत्त्याच्या प्रवासाची हकिकत काढतो. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला गोल होतो आणि तो यांच्यापैकी कोणी पाहिलेलाच नसतो!

नागपूर आणि कामठी येथे असे घोळके तुम्हांला हमखास दिसतील. कामठी हे गाव नागपूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी आहे. इंग्रजांनी १८२१ साली तेथे लष्करी छावणी वसवली. आजच्या फुटबॉलचे मूळ नियम लंडनमध्ये १८६३ साली ठरले आणि भारतात हा खेळ मुख्यतः गोऱ्या पलटणींबरोबर आला. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे कामठीत आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात येऊन राहिली. ती आपल्याबरोबर हातमाग घेऊन आली आणि उर्दू भाषाही घेऊन आली. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावे येथील फुटबॉलप्रेमींना घरच्यासारखी वाटतात. रेल्वेसारख्या खात्यांचे संघही स्पर्धांत उतरतात. म्हणून मैदानाच्या कडेला विणकर असतो, रेल्वेचा कर्मचारी असतो, कॉलेजचा विद्यार्थी असतो आणि निवृत्त शिक्षकही असतो. कोणाच्या हातात चहा, कोणाच्या हातात फल्लीदाण्यांची पुडी. (शेंगदाण्यांना नागपूरकडे फल्लीदाणे म्हणतात.) एकाच घोळक्यात मराठी, उर्दू, हिंदी आणि नागपुरी बोली अशा चार तऱ्हा ऐकू येतात.

आता अशाच एका घोळक्यातील गप्पा ऐकू या. मध्यंतर झाले आहे. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला आहे. कडुनिंबाच्या झाडाखाली चौघे जण उभे आहेत. पूर्वी हातमाग चालवणारे एक वयस्कर चाचा, रेल्वेत नोकरी करणारे भाऊ, कॉलेजात जाणारा दादा आणि उर्दू शाळेत नववीत शिकणारा एक मुलगा.

भाऊ : या चाचा, या. आज उशीर काऊन झाला?

चाचा : अरे बाबा, कामठीहून बसच मिळेना. दोन भरून गेल्या, तिसरीत कसाबसा चढलो. किती झाले?

भाऊ : एक-एक. पण आपल्या पोरांनी शिकस्त केली बघा!

मुलगा : शिकस्त? भाऊ, पण आपण हरलो कुठं? अजून अर्धा खेळ बाकी आहे.

(सगळे हसतात.)

चाचा : हसू नका रे त्याला. त्याचं बरोबर आहे. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत शिकस्त करणं म्हणजे जिवाच्या कराराने खेळणं. शब्द एकच, पण इकडे आला आणि पार फिरला.

भाऊ : असं होय! मी तर हा शब्द अगदी आपल्या मराठीचाच समजत होतो.

दादा : तो डाव्या बाजूचा सात नंबर पाहिला का? काय पळून राहिला!

भाऊ : पळतो खरा. पहाटे चारला उठून दूध टाकतो घरोघरी, आणि मग सरावाला जातो. मी त्याला म्हटलं होतं, आमच्याकडे खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघते, चाचणीला ये.

चाचा : मग? घेतलं का त्याला?

भाऊ : चाचणीपर्यंत गेलाच नाही. दहावीचं प्रमाणपत्र नाही त्याच्याकडे. नववीतून शाळा सोडली. तिथंच अडलं.

चाचा : म्हणजे पायात जोर आहे, पण हातात कागद नाही.

मुलगा : दहावी नसेल तर रेल्वेकडून खेळता येत नाही?

भाऊ : संघ म्हणजे नोकरी, बाबा. नोकरी म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे प्रमाणपत्र.

दादा : पण सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो की! शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं. माझ्या मावशीनं तसंच केलं.

चाचा : मग सामना सुटल्यावर त्याला थांबवा आणि हे सांगा. आपण इथं बोलून राहिलो, त्याला कसं कळणार?

(शिटी वाजते. उत्तरार्ध सुरू होतो.)

पाहिलेत ना? बोलणे सुरू झाले बसपासून आणि पोहोचले सतरा नंबरच्या फॉर्मपर्यंत. कोणी भाषण केले नाही. कोणी कोणाला उपदेश केला नाही. तरी एका मुलाच्या आयुष्याला उपयोगी पडेल अशी माहिती त्या झाडाखाली फिरली. माझ्या मते मैदानावरच्या गप्पांची खरी किंमत ही आहे. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. या गप्पांत सर्वांत चांगला प्रश्न नववीतल्या मुलाने विचारला. शिकस्त या शब्दावर तो अडला, लोक हसले, पण तो गप्प बसला नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण अशा वेळी गप्प बसतात. 'माझे मराठी कच्चे आहे, चूक झाली तर?' अशी भीती वाटते. म्हणून थोडे शब्दांविषयी बोलू. मराठीतील किती शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, ते मैदानावरच पाहा. मैदान, बाजू, जोर, दम, नजर, हद्द, तयारी, शाबास हे सारे शब्द तुम्ही घरी बोलता. शतकानुशतके दरबारात, बाजारात आणि छावणीत फारसी-अरबी शब्द मराठीत मिसळत गेले. शाळेच्या पहिल्या दिवशीच तुमच्याजवळ मराठीची अशी मोठी पुंजी होती. मात्र या पुंजीतील काही नाणी मराठीत वेगळ्या भावाने चालतात. तेवढी ओळखून ठेवली की झाले.

'फाजील' हा शब्द घ्या. उर्दूत फाजिल म्हणजे विद्वान माणूस. पण वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर 'फाजील आत्मविश्वास नडला' असे वाचले, तर विद्वानांचा काही संबंध नाही. तो संघ नको इतका खात्रीने खेळला आणि हरला, एवढाच अर्थ. (उर्दूतही फाजिलचा 'जादा' असा एक अर्थ आहे. मराठीने तोच उचलला.) 'तालीम' म्हणजे तुमच्याकडे शिक्षण. मराठीत पहिलवान तालमीत जातो आणि नाटकाच्याही तालमी होतात. 'कायदा' तुम्ही लहानपणीच वाचून संपवला. ते तुमचे मुळाक्षरांचे पहिले पुस्तक! मराठीत मात्र कायदा वकील आणि न्यायाधीश वाचतात. 'अहवाल' म्हणजे तुमच्याकडे हालहवाल. मराठीत स्पर्धा संपल्यावर चिटणीस जो लेखी वृत्तान्त देतो, तो अहवाल. 'तक्रार' म्हणजे तेथे वाद किंवा पुन्हा पुन्हा सांगणे, येथे पंचाविरुद्ध केलेली फिर्याद.

सर्वांत उपयोगी शब्द 'हरकत'. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, कधी खोडीसुद्धा. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. तुम्ही एखाद्याला विचारले, 'मी येथे बसू का?' आणि तो म्हणाला, 'हरकत नाही', तर बिनधास्त बसा.

'दंगल' या शब्दाविषयी मात्र सावध राहा. तुमच्या बोलण्यात दंगल म्हणजे कुस्तीचा फड, आणि विदर्भातही कुस्त्यांची दंगल होते. पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर 'शहरात दंगल' असा मथळा असेल, तर तेथे कुस्ती नसते, दगडफेक असते. गर्दीच्या ठिकाणी हा शब्द अर्धवट ऐकून पुढे सांगितला, तर केवढा घोटाळा होईल, याची कल्पना करा. अफवा अशाच तयार होतात. एका कानात एक शब्द शिरतो आणि तोंडातून दुसराच बाहेर पडतो.

आणखी एक अडचण 'तुम्ही'ची. उर्दूत वडीलधाऱ्यांना 'आप' म्हणतात. 'तुम' बरोबरीच्या माणसाला किंवा लहानाला. म्हणून एखाद्या मराठी मुलाने चाचांना 'तुम्ही बसा' म्हटले, तर तुमच्यातला एखादा मनातल्या मनात रागावतो. रागावू नका. मराठीत 'तुम्ही' हाच आदराचा शब्द आहे. आई-वडिलांच्या मित्रांना, शिक्षकांना, अनोळखी माणसाला 'तुम्ही'च म्हणतात. 'आपण' हाही आदराचा शब्द आहे, पण तो सभेत किंवा पत्रात जास्त शोभतो. शिवाय 'आपण जिंकलो' म्हणताना 'आपण'चा अर्थ 'तुम्ही आणि मी' असा होतो. 'तू' मात्र मित्राला, भावंडाला आणि आईला. होय, आईला! बहुतेक मराठी घरांत मुले आईला 'तू'च म्हणतात आणि त्यात अनादर नसतो.

लिंगाचे म्हणाल, तर ते ऐकून ऐकूनच येते. उर्दूत गेंद स्त्रीलिंगी, मराठीत चेंडू पुल्लिंगी. तुम्ही म्हणता 'मैच हुआ', मराठीत 'मॅच झाली'. 'सामना' म्हटले की पुन्हा 'झाला'. आणि मैदान? ते नपुंसकलिंगी, 'मैदान मोठे आहे'. चुकले तरी समोरच्याला कळते. दादाने मघाशी 'पळून राहिला' म्हटले. पुस्तकी मराठीत 'पळतो आहे' असे लिहितात. 'पळून राहिला', 'काऊन' हे नागपूरकडचे बोल आहेत. परीक्षेत ते लिहू नका, पण मैदानावर बोलायला हरकत नाही. येथे 'हरकत' मी मराठी अर्थाने वापरला, हे सांगायला नकोच.

आता प्रवासाच्या गप्पांकडे वळू. नागपूर रेल्वेने चारही दिशांना जोडलेले आहे. मुंबईहून हावड्याला जाणारी आणि दिल्लीहून चेन्नईला जाणारी वाट येथे एकमेकींना छेदतात. १८८७ साली स्थापन झालेल्या एका रेल्वे कंपनीचे नावच 'बंगाल नागपूर रेल्वे' होते. साहजिकच फुटबॉलची गोष्ट निघाली की ती कलकत्त्याला पोहोचते. तेथे १९११ साली मोहन बागान या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. मोहन बागानच्या अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. पुढे १९३४ साली कलकत्त्याची मोहमेडन स्पोर्टिंग ही पहिल्या श्रेणीची लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरली. आणि एकदाच नाही, १९३८ पर्यंत लागोपाठ पाच वेळा! वृत्तवाहिन्या नव्हत्या, दूरदर्शन नव्हते. बातमी वर्तमानपत्रातून येई आणि रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या तोंडून येई. प्रवासी गाडीतून उतरला की लोक विचारत, 'काय झाले?' गप्पा हेच त्या काळचे प्रक्षेपण होते.

पण सर्वांत लांबचा प्रवास नागपूरच्याच एका चेंडूने केला आहे. तोही धड चेंडू नव्हता. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात काही झोपडपट्टीतील मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. मुले खेळात रंगून गेली होती. बारसे सरांनी अशा मुलांसाठी स्पर्धा भरवली. तिचे नाव त्यांनी लपवूनछपवून ठेवले नाही, सरळ 'झोपडपट्टी फुटबॉल' असे ठेवले. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. मुलीही खेळू लागल्या.

त्याच सुमारास, २००३ साली, ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात बेघर माणसांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. या स्पर्धेत एका बाजूला चारच खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. नागपूरच्या या संस्थेमुळे भारताचा संघ या स्पर्धेत जाऊ लागला. २०१० साली ती स्पर्धा ब्राझीलमधील रिओ येथे झाली, तेव्हा भारताचा संघही तेथे होता. २०१६ साली फिफा या जागतिक संघटनेने स्लम सॉकरला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला, तो बारसे सरांच्या या कामावरच आधारलेला आहे.

ही हकिकत सांगताना लोक विमान आणि समुद्रकिनाऱ्याविषयी उत्साहाने बोलतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. परदेशी जायचे तर पासपोर्ट लागतो. पासपोर्टाला पत्त्याचा आणि जन्माचा पुरावा लागतो. ज्याचे घर कोणत्याही सरकारी नोंदीत नाही, त्याने पत्ता कोणता लिहायचा? चाचा म्हणाले तेच पुन्हा आले. पायात जोर आहे, हातात कागद नाही. आणि येथूनच गप्पा राजकारणाकडे वळतात. वळणारच. कागद कोण देते, मैदान कोण देते, बस वेळेवर का येत नाही, हे सारे प्रश्न शेवटी राज्यकारभाराचे आहेत.

नागपूरला तर राजकारण घरबसल्या चालून येते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्याआधी १९५३ साली नागपूर करार झाला आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याचे ठरले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यापासून हिवाळी अधिवेशन येथे भरत आले आहे. त्या दिवसांत रस्त्यांवर मोर्चेच मोर्चे असतात. (उर्दूत मोर्चा म्हणजे लढाईची फळी किंवा खंदक. मराठीत मागण्या घेऊन चालत जाणारा जमाव.) विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे की नाही, हा वाद तर मैदानाच्या कडेला कायमचा आहे. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. कोणी म्हणतो, 'वेगळे झालो असतो तर बरे झाले असते.' कोणी म्हणतो, 'वेगळे होऊन मैदानावर गवत उगवणार आहे का?' दोघेही एकाच संघाचे चाहते असतात. किंवा उलट, राजकारणात एका मताचे आणि फुटबॉलमध्ये हाडवैरी!

राजकारण आणि फुटबॉल यांची भाषाही सारखीच असते. खेळात संघ आघाडी घेतो, निवडणुकीत पक्ष आघाडी करतात. खेळात बचाव असतो, सभागृहातही असतो. मंत्र्याने 'राजीनामा' दिला, असे तुम्ही ऐकाल. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांत झालेली तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. त्यामुळे 'मंत्र्यांचा राजीनामा' ऐकून भांडण मिटले असे समजू नका. बहुधा ते नुकतेच सुरू झालेले असते.

खेळात राजकारण शिरते, तेव्हा काय होते, याचे एक मोठे उदाहरण जुनी माणसे सांगतात. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई खेळ झाले. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. भारताचे क्रीडा संघटक सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला. स्थानिक लोक भारतावर संतापले. तो राग फुटबॉलच्या मैदानावर निघाला. अंतिम सामन्यात प्रेक्षक भारताच्या संघाची हुर्यो उडवत होते. ज्या अकरा जणांवर ते ओरडत होते, त्यांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता. त्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. ते पेशाने शिक्षक होते आणि त्यांची प्रकृती ढासळलेली होती. भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला. दुसरा जर्नैल सिंग यांनी केला. डोक्याला टाके पडलेले असतानाही ते खेळले. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब वारले. मराठीतला शिकस्त हा शब्द कोठे वापरावा, असे कोणी विचारले, तर मी या सामन्याचे नाव सांगेन.

राजकारणावर बोलताना आवाज चढतो, म्हणून काही वाक्ये जवळ असू द्या. 'तुमचं म्हणणं पटतं, पण...', 'माझं मत थोडं वेगळं आहे', 'हे तुम्हांला कुठं कळलं?', 'बरं, हे राहू द्या, चहा घेऊ.' शेवटचे वाक्य किरकोळ समजू नका. पुष्कळ भांडणे त्यानेच थांबली आहेत. आणि दोन वाक्यांतला फरक कधी विसरू नका. 'असे आहे' आणि 'असे म्हणतात'. तुम्ही ऐकले असेल की, १९५० च्या विश्वचषकात भारतीय संघ गेला नाही, कारण अनवाणी खेळायला परवानगी नव्हती. ही गोष्ट इतकी गोड आहे की प्रत्येक घोळक्यात एकदा तरी येते. प्रतिस्पर्धी संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलला जाण्याची संधी मिळाली होती आणि भारत गेला नाही, एवढे खरे आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, हेही खरे आहे. पण त्या काळचे नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितले की, अनवाणी पाय हे न जाण्याचे खरे कारण नव्हते. तेव्हा ती गोष्ट सांगायचीच असेल, तर 'असे म्हणतात' म्हणून सांगा. समोरचा माणूस तुमच्याकडे जरा अधिक लक्ष देऊन पाहील.

हे सारे ऐकण्यासाठी मुलींनी मागे थांबावे, असे नाही. गप्पांत प्रश्न विचारणाऱ्याला जागा मिळते, मग तो मुलगा असो की मुलगी.

सामना संपतो. कोणी जिंकलेले असते, कोणी हरलेले असते. दूध टाकणारा तो सात नंबर बूट हातात घेऊन कडेने चालला आहे. चाचा त्याला हाक मारतात, भाऊ पुढे होतात, दादा सतरा नंबरच्या फॉर्मविषयी सांगू लागतो. तुम्हांला घरी जायचे आहे. निघताना काय म्हणाल? उर्दूत तुम्ही 'चलता हूँ' म्हणता. मराठीत घरून निघताना किंवा मंडळींचा निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत. ते जुन्या माणसांना अशुभ वाटते. 'येतो' म्हणतात. मुलगी 'येते' म्हणते. पाय जाण्यासाठी उचलायचा आणि तोंडाने 'येतो' म्हणायचे. चाचा विचारतील, 'रविवारी सामना आहे, येशील ना?'

स्वाध्याय

१. 'पायात जोर आहे, पण हातात कागद नाही', असे चाचा का म्हणाले? हेच वाक्य पाठात पुन्हा कोठे लागू पडते?

२. शिकस्त, तालीम, दंगल, राजीनामा, मोर्चा. या शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ वापरून प्रत्येकी दोन वाक्ये आपल्या वहीत लिहा.

३. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना एखाद्या जुन्या सामन्याची आठवण विचारा. त्यातील 'असे आहे' कोणते आणि 'असे म्हणतात' कोणते, ते वेगळे करा.

४. चाचा, भाऊ आणि दादा त्या सात नंबरच्या खेळाडूशी काय बोलले असतील? तो संवाद दहा-बारा वाक्यांत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.